शिट्टी वाजायच्या आत

हार्डिंग, सास्कॅचेवान
सोमवार, १३ फेब्रुवारी १९९५

प्रिय झेन्को,

तुला आणि लेस्याला नमस्कार. मुली, जावई, नातवंडं सगळी खुशाल असतील आणि तुझ्या मधमाश्या या थंडीत तगल्या असतील असं धरून चालतो. इथे आज सकाळी उणे चौतीस होतं. गाडीचं इंजिन रात्रभर विजेची वायर लावून गरम ठेवलं होतं, तरी सुरू व्हायला कुरकुर करत होती. मीही करत होतो. गुडघ्यांचं तर विचारूच नकोस. घरी हेलन मात्र ठणठणीत आहे. म्हणते, "वर्षातले दोनशे दिवस तू घरी नसतोस, म्हणूनच."

माझ्या हातचं पत्र बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. आईच्या दफनानंतर सहा वर्षांत तुम्हाला माझ्याकडून आपल्या युक्रेनी, जानेवारीतल्या नाताळचं कार्ड तेवढं येतं आणि तेही हेलनच्या अक्षरात, हे मला माहीत आहे. लाज वाटते. हे पत्र नेहमीप्रमाणे लेस्याच वाचून दाखवत असणार. लेस्या, अक्षर लावून घे बाई, इथल्या हॉटेलचं टेबल डगमगतंय.

काम तेच. गावोगावच्या आइस हॉकीच्या रिंकमध्ये थंडगार फळीवर बसायचं, कागदी पेल्यातली गढूळ कॉफी ढोसायची आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोरांकडे बघून ठरवायचं की हा मोठ्या क्लबात चालेल, हा चालणार नाही. स्काउट म्हणतात आम्हाला. लोकांच्या पोरांचं नशीब वहीत लिहून घेऊन फिरणारे रिकामटेकडे म्हटलं तरी चालेल.

तुला एका पोराबद्दल सांगायचंय. कर्टिस लोवेन. मॅनिटोबातल्या मेनोनाइट पंथाच्या गावातला, बाप डुकरं पाळतो. इथल्या ज्युनियर संघात सेंटर खेळतो, पुढच्या फळीत, तुझ्याच जागेवर. पत्रकात त्याची उंची छापलीय पाच फूट आठ. आता पत्रकात सगळेच वाढतात हे काय मला नवीन आहे? म्हणून मी एक दिवस टेप घेऊन एडनाच्या घरी गेलो. एडना फ्रॉस्ट म्हणजे शाळेची बस चालवणारी विधवा बाई. दर वर्षी संघातला एक मुलगा घरात ठेवून घेते, त्याला जेवू घालते आणि वर शिव्याही घालते. यंदा कर्टिस. त्याला स्वयंपाकघराच्या दाराला टेकवून उभा केला. पायात लोकरीचे दोन-दोन मोजे.

"काढ."

"थंडी वाजते, सर."

"काढ म्हणतो ना."

काढले, तर आत टाचेखाली पुठ्ठ्याच्या घड्या! एडना हसून हसून ओट्याला टेकली. पोरगं कानापर्यंत लाल झालं. पाच फूट साडेसहा. तुझ्याहून अर्धा इंच जास्त. आपल्या आईनं सगळी उंची मला दिली आणि अक्कल तुला, हे तूच म्हणायचास ना?

पण खेळतो काय रे! कोपऱ्यात दोन धिप्पाड गडी पकसाठी, त्या एवढ्याशा रबरी चकतीसाठी, झोंबत असतात, हा त्यांच्या काखेखालून आत घुसतो आणि पक घेऊन बाहेर येतो. सरावाला सगळ्यांच्या आधी बर्फावर, सगळ्यांच्या नंतर बाहेर. गोल झाला तर नाचत नाही, चुकला तर काठी आपटत नाही. आमचा मोठा साहेब वॉलेस मला दोन वर्षं चिडवत होता, "मायरॉन, याला विमानाचं तिकीट काढायचं का तू हातातल्या पिशवीतून आणणार आहेस?" मी भांडत राहिलो. नोव्हेंबरच्या अहवालात एक वाक्य लिहिलं: 'पाडला तर शिट्टी वाजायच्या आत उभा असतो.' ते वॉलेसला फार आवडलं. त्यानं ते बैठकीत मोठ्यानं वाचलं आणि कर्टिस आमच्या यादीत आला. जूनमध्ये मोठे क्लब नवी पोरं निवडतात, त्या निवडीत आम्ही त्याला घेऊ अशी आता चांगली शक्यता आहे. पंचवीस वर्षांत माझ्या भरवशावर एवढं लहान पोर कधी यादीत गेलं नव्हतं.

काल दुपारी एल्मोरशी सामना होता. दुसऱ्या डावात कर्टिस मान खाली घालून पक उचलायला गेला आणि त्यांच्या एका रेड्यानं त्याला रिंकच्या कडेच्या फळ्यांवर असा काही दाबला की माझ्या पेल्यातली कॉफी सांडली. कर्टिस पडला. शिट्टी वाजायच्या आत उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो शांतपणे घसरत गेला तो एल्मोरच्या बाकाकडे.

त्यांनीही मजेत दार उघडून धरलं. "ये ये, बस. कॉफी घेणार का काळी?" सगळं रिंक हसलं. कर्टिस एक क्षण तसाच उभा राहिला, मग तोही हसला, मुद्दाम गंमत केल्यासारखा एक वाकून नमस्कार केला आणि आपल्या बाकावर गेला. माझ्या शेजारचे दोन स्काउट खो खो हसत होते. तिसऱ्या डावात त्यानं गोल केला, झालं! सगळे विसरले.

मी हसलो नाही. का ते तुला सांगायला नको. तुला ती संध्याकाळ आठवत नसली तरी मी सांगितलेली माहीत आहे. हट्ट म्हटलं की आपल्या घरात तुझंच नाव निघायचं, आणि त्या मार्चमध्येही मी अडवत असताना तू गेलास. जाऊ दे. चौतीस वर्षं झाली.

अडचण अशी आहे. २७ तारखेला मुख्य कचेरीत यादीची बैठक आहे. त्याआधी मला शेवटचा अहवाल द्यायचाय. बाकाचं लिहिलं तर पाच फूट साडेसहाच्या पोरावर वॉलेस काट मारणार, दुसरा विचारही करणार नाही. नाही लिहिलं तर कुणालाच कळणार नाही. हसण्यावारी गेलंय ते. आणि कदाचित ती खरंच गंमत असेल. पोरं करतात गमती.

तुला काय वाटतं, हे विचारण्यासाठी लिहायला बसलो होतो. आता वाटतंय, तुलाच कसं विचारायचं? थंडीत गॉगल लावल्याशिवाय बाहेर पडू नकोस, बर्फावरचं ऊन तुला सोसत नाही.

तुझा
मायरॉन


हार्डिंग
सोमवार, २० फेब्रुवारी १९९५

प्रिय झेन्को,

लेस्याचं कार्ड मिळालं. पत्ता सोडला तर एकच ओळ. 'झेन्को विचारतो, त्या मुलाला बर्फावरून काढला का?' सहा वर्षांनी भाऊ पत्र लिहितो आणि त्याची ख्यालीखुशाली विचारायची सोडून हे. बरं केलंस. माझी खुशाली विचारण्यात अर्थ नाही.

नाही काढला. मला तो अधिकार नाही. स्काउटनं वर बसायचं, बघायचं, लिहायचं. खेळाडूच्या खोलीत जायचं नाही, बाकाजवळ फिरकायचं नाही, शेजारच्या क्लबाच्या स्काउटला वहीतलं अक्षर दाखवायचं नाही. पंचवीस वर्षं मी हे पाळलं. याला पाळणं म्हणतात का दडून बसणं, हे मला या आठवड्यात नीट सांगता येईना.

तरी बुधवारी सकाळी एडनाकडे गेलो. कर्टिस शाळेत गेला होता. एडनानं कॉफी दिली, समोर बसली आणि एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही ती बाई नुसती साखर ढवळत राहिली. मी म्हटलं, "काय गं, काय झालं?"

"खोलीचे पडदे उघडू देत नाही. दिवसा, मायरॉन. आणि सोमवारी सकाळी ओकला. म्हणतो, सॉसेज बाधलं. सॉसेज मीपण खाल्लं होतं."

"अजून?"

"काल मला तीनदा विचारलं, बस किती वाजता निघते. बस मीच चालवते! गेले सहा महिने त्याच बसनं जातो माझ्याबरोबर." मग उठून तिनं त्याच्या खोलीच्या दारावरून एक कागद काढून आणला आणि माझ्यासमोर आपटला. "आणि हे तू लिहिलंयस ना? तुमच्या त्या प्रशिक्षकानं दिलं त्याला. त्यांच्या खोलीतही टांगलंय म्हणे."

मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: पाडला तर शिट्टी वाजायच्या आत उभा असतो.

झेन्को, ते माझंच वाक्य. कुणीतरी कुणालातरी फोनवर सांगितलं असणार, प्रशिक्षक गॉर्ड पिट्झला ते आवडलं असणार, त्यानं शाबासकी म्हणून पोराच्या हातात दिलं असणार. यात कुणाचं काही वाकडं नव्हतं. पण मी जे गुण म्हणून लिहिलं होतं ते पोरानं हुकूम म्हणून घेतलं. त्या दिवशी तो उठला तो बरा होता म्हणून नव्हे. मी बघतोय हे त्याला माहीत होतं म्हणून.

दुपारी शाळेच्या फाटकाशी गाडी लावून त्याची वाट बघितली. गाडीत बसला, टोपी डोळ्यांवर ओढली. मी सरळच विचारलं, "एल्मोरच्या बाकावर का गेलास?"

"गंमत केली, सर."

"कर्टिस, मी मूर्ख दिसत असेन, पण एवढा नाही."

तो हीटरची जाळी बोटानं वरखाली करू लागला. मग म्हणाला, "लिहिणार तुम्ही?"

"डॉक्टरकडे चल माझ्याबरोबर. आत्ता."

"डॉक्टर महिनाभर बसवणार. बाद फेरी संपली. मग जूनमध्ये मला कोण घेणार?"

"पुढच्या वर्षी घेतील."

"मला?" हसला तो. अगदी म्हाताऱ्या माणसासारखा हसला. "सर, मोठा पोरगा पडून राहिला तर म्हणतात त्याला लागलंय. मी पडून राहिलो तर म्हणतात हा लहान आहे. तुम्हीच सांगा, खोटं आहे का?"

खोटं नाही रे. मीच अशा किती जणांवर काट मारलीय! 'अंगात दम नाही, मार सोसवत नाही' असं लिहून पान उलटलंय. त्यातल्या किती जणांना नुसती दोन इंच उंची हवी होती आणि किती जणांना डॉक्टर हवा होता, हे आता देव जाणे.

"पाया पडतो, लिहू नका," तो म्हणाला. "मला फक्त दोन आठवडे द्या. मी बरा आहे. मला सगळं आठवतंय." मग गाडीतून उतरला आणि एडनाच्या घराच्या उलट्या दिशेला वीसेक पावलं चालत गेला. थांबला. खिशात काहीतरी शोधतोय असं दाखवलं आणि वळला.

मी गाडी सुरू करून तिथून निघून गेलो. हेही लिहून टाकतो, कारण आता लपवायला बसलो तर पत्र पुरं होणार नाही. मी निघून गेलो आणि हॉटेलवर येऊन अहवाल लिहिला. उंची, वजन, वेग, पकवरची नजर, सगळं. बाकाचं लिहिलं नाही. शेवटी लिहिलं, 'अत्यंत जिद्दी.' पाकिटात घालून टेबलावर ठेवला. अजून तिथेच आहे, टपालात टाकलेला नाही.

तू विचारशील, का नाही लिहिलंस? पोराच्या भल्यासाठी, असं मी स्वतःला सांगतोय. त्याच्या बापाला केवढा आनंद होईल, एडनाला केवढा होईल. आणि एवढ्याशा पोराला मोठ्या क्लबात नेणारा म्हणून माझं नाव निघेल, हे त्यात कुठे येतं का? येतं. खोटं कशाला बोलू? पुढच्या वर्षी मी चोपन्नचा होईन आणि वॉलेसला तरुण माणसं हवीत.

झेन्को, आईच्या दफनाच्या दिवशी सगळे बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोहींच्या ताटांभोवती उभे असताना तू मला बाजूला घेऊन एक गोष्ट विचारली होतीस. मी "हो" म्हणालो आणि तासाभरात गाडी काढून गेलो. तेव्हापासून आलो नाही. कामामुळे नाही आलो. तू पुन्हा विचारशील म्हणून नाही आलो.

शनिवारी दुपारी वेस्टब्रुकशी सामना आहे. गॉर्ड त्याला खेळवणार, पहिल्याच तुकडीत. मी वर बसेन.

आता हात दुखतोय. थांबतो. लेस्या, हे पत्र त्याला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नकोस.

मायरॉन


रेजायना
मंगळवार, २८ फेब्रुवारी १९९५

झेन्को,

या वेळी हवापाण्याचं काही लिहीत नाही.

शनिवारी एक वाजता रिंकवर पोचलो. वर जाऊन नेहमीच्या जागी बसलो, वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं. आम्ही अकरा स्काउट होतो, त्यातले निदान सात कर्टिससाठी आले होते. गोल केल्यावर बातमी पसरते. खाली पोरं सरावाचे फेरे मारत होती. कर्टिस झपाट्यानं फिरत होता, काही विचारू नकोस, पायाला जणू चाकं. शेजारचा म्हणाला, "तुझं पिल्लू आज जोरात आहे, मायरॉन." मी म्हणालो, "हं."

मग बघतो तर प्रत्येक फेऱ्याला एकाच ठिकाणी तो डाव्या हाताचा मोजा थोडा मागे सारायचा, मनगटाकडे बघायचा, पुन्हा पुढे. पहिल्यांदा वाटलं घड्याळ असेल. पण बर्फावर घड्याळ कोण घालतं?

माझे गुडघे कसे उतरले माहीत नाही. खाली गेलो, काचेच्या कडेनं गेलो आणि बाकामागचं दार ढकलून आत शिरलो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. गॉर्ड माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी पाद्र्याच्या जागी चढून उभा राहिलोय.

"मायरॉन, वाट चुकलास का? तुझी जागा वर."

"लोवेनला बोलाव."

"सामना आहे, बाबा. अर्ध्या तासात."

"बोलाव त्याला, गॉर्ड. नाहीतर मी इथून ओरडतो."

कर्टिस आला. मला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "मोजा काढ." तो म्हणाला, "का?" मी म्हटलं, "काढ म्हणतो ना." त्यानं हात पाठीमागे नेला. मग मी त्याचा हात धरला आणि मोजा ओढून काढला. सगळा संघ बघत होता. मला माहीत आहे हे किती वाईट दिसलं असेल.

मनगटावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती. तिच्यावर बारीक, स्वच्छ अक्षरात पेननं लिहिलं होतं:

शनिवार. वेस्टब्रुक. आपण पांढरे. आपला बाक घड्याळाखाली.

गॉर्डनं वाचलं. दोनदा वाचलं. तो वाईट माणूस नाही, पण त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना. त्यानं पोराच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट उतरवलं आणि हळूच म्हणाला, "आत जा, बाळ. बूट काढ."

कर्टिस गेला नाही. तो भांडला, झेन्को. असा भांडला की मी जन्मात विसरणार नाही. बाकाचा कठडा धरून बसला. दोघांनी हात सोडवले. "मी बरा आहे! मला खेळायचंय! याला काय अधिकार आहे? हा कोण लागतो माझा?" आणि मग माझ्याकडे वळून, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना म्हणाला, "तुम्ही माझं वाटोळं केलंत. मी तुम्हाला सांगितलं होतं. मी पाया पडलो होतो तुमच्या."

मी म्हणालो, "हो."

मग वर गेलो. कॉफीच्या खोलीत दहाही जण उभे होते. दार लावून घेतलं आणि सांगितलं. एल्मोरचा बाक, ओकणं, पडदे, पट्टी, सगळं. माझी वहीच टेबलावर उघडी टाकली. म्हटलं, वाचा. एकालाच माहीत असलं तर दुसरा कुणीतरी त्याला गपचूप उचलेल आणि तो गपचूप खेळेल. सगळ्यांना माहीत असलं तर त्याला लपवायला काही उरत नाही. निदान असं मला वाटलं. एका म्हाताऱ्यानं, तू त्याला ओळखतोस, मी नाव लिहीत नाही, पेला खाली ठेवला आणि विचारलं, "आपण असे किती पोरगे उभे केले असतील रे?"

त्याच संध्याकाळी एडना आणि मी त्याला इथे रेजायनाला आणलं. इस्पितळातल्या डॉक्टर बाईंनी तपासलं. मेंदूला सूज आहे. म्हणाल्या, आज दुसरा फटका बसला असता तर उद्या मी तुमच्याशी वेगळं काहीतरी बोलत असते. अंधाऱ्या खोलीत झोपायचं, वाचायचं नाही, टीव्ही नाही. हा मोसम संपला. पुढच्या हिवाळ्यात बघू म्हणतात. बघू म्हणजे बघू, कबूल काहीच करत नाहीत. रविवारी त्याचे आईबाप गाडी घेऊन आले. आईनं माझे दोन्ही हात धरले. बापानं मान डोलावली. कर्टिस भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मी जायला निघालो तेव्हा भिंतीकडेच बघत म्हणाला, "तुम्ही गप्प बसला असतात तर मी वर गेलो असतो." गेला असता. तेच तर खरं आहे. वॉलेसनं घेतलाच असता त्याला.

वॉलेसचा काल फोन आला. क्लबाची गोष्ट भर बाजारात ओरडून सांगितली म्हणाला. मला घरी बसायला सांगितलंय, कायमचं. हेलन आधी रडली, मग म्हणाली आता वर्षातले तीनशे पासष्ट दिवस तिच्या डोक्यावर बसणार मी. ते अहवालाचं पाकीट मी फाडून टाकलं.

आता मुख्य गोष्ट. लेस्या, तू थांबलीस तरी चालेल, पण त्याला सांग पुरतं.

झेन्को, आईच्या दफनाच्या दिवशी तू विचारलंस, "मायरॉन, त्या दिवशी मी खरंच एवढा हट्ट केला होता का?" मी "हो" म्हणालो. हेच मी बापाला सांगितलं होतं, डॉक्टरला सांगितलं होतं, आईला ती मरेपर्यंत सांगितलं. तुला आठवत नव्हतं. त्या संध्याकाळची तुझी सगळी आठवण म्हणजे मी सांगितलेलं. तीस वर्षं तू सगळ्यांसमोर हसत म्हणत आलास, "माझाच गाढवपणा, दादा अडवत होता."

मी अडवत नव्हतो.

मार्च १९६१. दुसरा डाव. तेव्हा हेल्मेट कुठली? तुझं डोकं फळीच्या कडेवर आपटलं आणि तू उठून त्यांच्या बाकाकडे गेलास. मी मागून येऊन तुझा सदरा धरला आणि तुला फिरवून आपल्या बाकावर आणलं. प्रशिक्षकानं विचारलं, "बरा आहे ना हा?" मी म्हणालो, "हा नेहमीच असा येडा असतो." सगळे हसले. त्या दिवशी वरच्या बाकड्यावर एक स्काउट बसला होता, न्यूयॉर्कहून आलेला. तो तुला बघायला आला नव्हता. मला बघायला आला होता. आणि तू पक दिल्याशिवाय माझ्याकडून एक गोल होत नव्हता, हे मला माहीत होतं, तुला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. तिसऱ्या डावात मी तुझ्या पाठीवर हात ठेवून तुला बर्फावर ढकललं. चार मिनिटांनी दुसरा फटका बसला. त्या चार मिनिटांत तू मला एक पक दिलास आणि मी गोल केला. त्या गोलावर मला करार मिळाला, दोन वर्षं खेळलो, पुढे काही वर्षांनी ही नोकरी. तुला मिळालं अंधार करून झोपणं, गॉगल, आणि बायकोनं वाचून दाखवलेली पत्रं.

हे शनिवारपर्यंत मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यातही तू थोडा हट्ट केलाच असणार, असं झालं होतं. पण शनिवारी मी हट्ट बघितला. कठडा धरलेला, दोन माणसांना न सुटणारा. मग मला काही बहाणा उरला नाही.

मी माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभावच तसा, आणि मग मी पुन्हा सुटेन. फक्त जे तुझं आहे आणि मी इतकी वर्षं दाबून ठेवलं, ते तुला परत करतो. लेस्यालाही कळू दे, मुलींनाही. तू गाढवपणा केला नव्हतास. तू जिद्दही केली नव्हतीस. बाकावर माझ्या शेजारी बसला होतास, दोन्ही हातांनी माझी बाही धरून, आणि सगळा वेळ एकच म्हणत होतास. मी ऐकलं होतं. स्पष्ट ऐकलं होतं.

"मायरॉन, मला घरी ने."

तुझा भाऊ,
ज्यानं तुला नेलं नाही,
मायरॉन